पंचनामा चुकला तर जबाबदार कोण? विम्याची पाहणी आणि ‘सद्भावना’ या शब्दाचा इतिहास

उमरखेड तालुक्यात, ढाणकीच्या दक्षिणेकडच्या शिवारांत पैनगंगेचं पाणी शिरलं की चार-आठ दिवसांनी एक ठरलेलं दृश्य दिसतं. धुऱ्यावर माणसं उभी असतात. एक पटवारी असतो. (कागदोपत्री तलाठी, आता तर ग्राम महसूल अधिकारी, पण आमच्या वऱ्हाडात अजून पटवारीच.) सोबत कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक. हे लोक सरकारी मदतीसाठी पंचनामा करतात. पीक विमा काढलेला असेल आणि वेळेत कळवलं असेल, तर कधी त्याच दिवशी, कधी आठवड्याने दुसरी पाहणी होते. ती विमा कंपनीने पाठवलेल्या माणसाची. शेत तेच, सोयाबीन तेच, चिखलही तोच.

आता समजा, एकाने नुकसान सत्तर टक्के लिहिलं आणि दुसऱ्याने पंचवीस. दोघांपैकी कुणाची तरी पाहणी चुकली आहे. ती चूक ज्याच्या खिशातून भरून निघते तो शेतकरी कोणाला जाब विचारू शकतो?

मला हा प्रश्न कायद्याचा वाटायचा. वाचत गेलो तसं लक्षात आलं की तो आधी इतिहासाचा आहे. पीएचडीची तयारी करणाऱ्या मित्रांसाठी हा प्रश्न निवडण्याचं कारणही तेच. एखादा साधा, रोजचा शब्द घेऊन त्याचा माग काढला तर संशोधनाचा विषय कसा उभा राहतो, ते यात नीट दिसतं. इथे तो शब्द आहे ‘सद्भावना’.

कायद्याचं शेवटचं पान

भारतातला कुठलाही प्रशासकीय कायदा उघडा आणि थेट शेवटच्या पानांवर जा. तिथे बहुतेक वेळा एक कलम सापडतं. या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या किंवा करण्याचा इरादा असलेल्या कृतीबद्दल कुणावरही दावा, खटला किंवा इतर कायदेशीर कारवाई चालणार नाही, असा त्याचा आशय असतो. शब्द थोडे मागेपुढे होतात, साचा तोच. अभ्यास करताना आपण व्याख्या वाचतो, अधिकार वाचतो, शिक्षा वाचतो आणि हे पान सोडून देतो. ते सोडू नका. कायद्याने आपल्या माणसाच्या अंगावर घातलेलं चिलखत तिथे ठेवलेलं असतं.

हे चिलखत सुरुवातीला पाहणी करणाऱ्यासाठी शिवलेलं नव्हतं. १८५० चा न्यायिक अधिकारी संरक्षण कायदा पाहा. न्यायाधीश, दंडाधिकारी, कलेक्टर अशांनी न्यायदानाचं काम करताना काही केलं, तर त्यासाठी दिवाणी न्यायालयात त्यांच्यावर दावा होणार नाही. अट अशी की आपल्याला तो अधिकार आहे असं त्यांनी सद्भावनेने मानलेलं असावं. कारण समजण्यासारखं आहे. हरलेला प्रत्येक पक्षकार न्यायाधीशावरच दावा लावू लागला तर निकाल द्यायला बसेल कोण?

पुढच्या शंभर वर्षांत सरकारची कामं वाढली. तपासणारे, मोजणारे, नोंदणारे असे किती तरी अधिकारी आले. नवे कायदे आले तसं हे कलमही प्रत्येकात येत गेलं. न्यायाधीशासाठी दिलेलं कारण निरीक्षकालाही लागू करण्यात आलं. पण न्यायाधीशासमोर दोन्ही बाजू बोलतात आणि त्याच्या निकालावर अपील असतं. धुऱ्यावरच्या पाहणीत यातलं काय असतं? हा फरक मधल्या काळात कुठेतरी गळून पडला.

एक शब्द, दोन व्याख्या

इथे एक खाच आहे. संशोधनात अशा खाचा शोधायला शिकणं फार गरजेचं आहे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ५२ सांगतं की योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं म्हणता येणार नाही. आज हीच व्याख्या भारतीय न्याय संहितेत आहे. म्हणजे फौजदारी कायद्यात निष्काळजीपणा आणि सद्भावना एकत्र नांदत नाहीत.

आता १८९७ चा सर्वसाधारण वाक्यांश अधिनियम उघडा. ज्या केंद्रीय कायद्यांत सद्भावनेची वेगळी व्याख्या नाही, तिथे याची व्याख्या लागू होते. ती म्हणते, गोष्ट प्रत्यक्षात प्रामाणिकपणे केली असेल तर ती सद्भावनेनेच केली असं धरायचं, मग ती निष्काळजीपणाने केलेली असो वा नसो.

दोन्ही व्याख्या पुन्हा एकदा वाचा. शब्द एकच, अर्थ जवळजवळ उलटे. आणि विशेष कायद्यांतल्या त्या शेवटच्या पानाला साधारणपणे दुसरी व्याख्या लागते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ७३ असंच सद्भावनेचं संरक्षण देतं. म्हणजे पुरानंतर त्या कायद्याखाली काम करणाऱ्या सरकारी माणसाने पाहणी प्रामाणिकपणे पण ढिसाळपणे केली, तर त्याच्यावर व्यक्तिशः नुकसानभरपाईचा दावा टिकणं अवघड. त्याने पैसे खाऊन आकडा बदलला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रामाणिकपणाच संपतो, चिलखतही गळतं.

पीएचडीच्या मुलाखतीत तुम्हाला कुणी विचारलं, ‘व्याख्येवर एवढा वेळ का घालवता?’ तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

सरकारच विमा कंपनी झालं तेव्हा

मालमत्तेच्या विम्याशी हे कलम थेट जोडलं गेल्याचं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. बॉम्बहल्ल्याचं नुकसान नेहमीच्या विम्यात बसत नाही. म्हणून सरकारने १९४० साली मालासाठी आणि १९४२ साली कारखान्यांसाठी युद्धजोखीम विम्याचे वटहुकूम काढले. विमा देणारं सरकार, विमा सक्तीचा. माल किती, इमारत आणि यंत्रं किती किमतीची, हे तपासायचं तर अधिकाऱ्याला आवारात शिरून कागद पाहण्याचा अधिकार हवा. तो दिला आणि त्याच्यासोबत सद्भावनेचं कलमही आलं. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी आणि पुन्हा १९७१ मध्ये आपत्कालीन जोखीम विम्याचे कायदे झाले तेव्हा हाच साचा वापरला गेला.

इथे विमा कंपनी, पाहणी करणारा आणि कायदा करणारा तिन्ही एकच होते. चूक झाली तर सरकारकडे दाद मागायची, माणसावर दावा नाही. निदान दारावर नाव तरी होतं.

जाता जाता, वऱ्हाडावर काम करणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. मुंबई इलाख्याचा एखादा कायदा सापडला म्हणून तो यवतमाळला लागू होता असं लिहून मोकळं होऊ नका. वऱ्हाड १८५३ पासून ब्रिटिश कारभारात असलं तरी नावाने निजामाचंच होतं. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप येत नव्हते, ते वेगळ्या आदेशांनी लागू करावे लागत. शेवटी १९४१ साली त्यासाठी खास वऱ्हाड कायदे अधिनियम करावा लागला. पैनगंगेच्या अलीकडे ही स्थिती, आणि पलीकडे हदगावच्या बाजूला सरळ मोगलाई. शिवाय ढाणकी-उमरखेडचा मुलूख ज्या पुसद तालुक्यात होता तो १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता. त्या वर्षी वाशीम जिल्हा मोडला, पुसद वणी जिल्ह्याला जोडला गेला आणि त्या जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. त्याआधीचे कागद यवतमाळच्या नावाखाली शोधाल तर रिकाम्या हाताने परत याल.

ज्याला चिलखत नाही, पण जो हातीही लागत नाही

खासगी किंवा सरकारी कंपनीच्या विम्यात पाहणी करणारा असतो सर्वेक्षक. १९६८ च्या दुरुस्तीने विमा कायदा १९३८ मध्ये ६४-यूएम हे कलम आलं. ठरावीक रकमेवरचा दावा परवानाधारक सर्वेक्षकाच्या अहवालाशिवाय चुकता करायचा नाही, असा हा नियम. ही मर्यादा बरीच वर्षं वीस हजार रुपये होती. जिनिंगमध्ये आग लागली, गोदामातला माल भिजला, दुकान जळालं, की हा माणूस येतो.

त्याच्यासाठी पटवाऱ्यासारखं सद्भावनेचं चिलखत नाही. आहे ती आचारसंहिता आणि परवाना जाण्याची भीती. पण त्याला नेमते कंपनी, फी देते कंपनी, अहवाल जातो कंपनीकडे. ज्याचं दुकान जळालं त्याचा करार कंपनीशी असतो, सर्वेक्षकाशी नसतो. त्यामुळे भांडण साहजिकच कंपनीशी होतं आणि सर्वेक्षक बाजूला राहतो. कायद्याने संरक्षण दिलेलं नसताना कराराच्या रचनेनेच त्याला अंतर मिळवून दिलं.

न्यायालयांनी हे अंतर पुसलेलं नाही, पण अहवालाचं वजन मात्र कमी केलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप कुमार प्रकरणात सांगितलं की सर्वेक्षकाचा अहवाल हा अंतिम शब्द नाही. त्याच वर्षी श्री वेंकटेश्वर सिंडिकेट प्रकरणात सांगितलं की आपल्याला सोयीचा अहवाल मिळेपर्यंत कंपनीने एकामागून एक सर्वेक्षक नेमत बसायचं नाही. २०२१ च्या खटेमा फायबर्स प्रकरणात मात्र दुसरी बाजू आली. सर्वेक्षकाने आचारसंहितेप्रमाणे काम केलं असेल आणि अहवाल मनमानी नसेल, तर ग्राहक मंचाने त्यापुढे जायचं नाही. तिन्ही निकाल एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं. अहवाल मोडता येतो, पण तो मनमानी होता हे दाखवण्याचं ओझं नुकसान झालेल्यावर पडतं.

असंच भांडण अमेरिकेत वेगळ्या वाटेने गेलं. १९६४ साली इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नेल्सन विरुद्ध युनियन वायर रोप या खटल्यात विमा कंपनीला जबाबदार धरलं. बांधकामावरचा पाळणा कोसळून मजूर जखमी झाले होते आणि कंपनीच्या माणसांनी तिथे सुरक्षा पाहणी केलेली होती. त्यानंतर इलिनॉयसह अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी विम्याच्या पाहणीला संरक्षण देणारे कायदे केले. युक्तिवाद असा की पाहणी केली म्हणून खटला होणार असेल तर कंपन्या पाहणीच बंद करतील. १८५० चा युक्तिवाद पुन्हा आला, फक्त न्यायाधीशाच्या जागी विमा कंपनी.

दांडेकरांचा तोडगा

आता परत शेतात येऊ. १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ या संकरित कापसावर पीक विम्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे तो महाराष्ट्रासह इतर राज्यांत आणि इतर पिकांवर गेला. पद्धत वैयक्तिक होती, म्हणजे ज्याचं शेत त्याची पाहणी. १९७८-७९ पर्यंत त्यात ३,११० शेतकरी आले, हप्ता जमला ४.५४ लाख रुपये आणि भरपाई गेली ३७.८८ लाख.

पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये यावर लेख लिहिला आणि वेगळी वाट सुचवली. प्रत्येक शेत पाहत बसू नका. एक परिसर धरा, त्यातलं सरासरी उत्पन्न मोजा, ते ठरलेल्या पातळीखाली गेलं तर त्या परिसरातल्या सगळ्या विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. हा ‘क्षेत्र दृष्टिकोन’. १९७९ ची पथदर्शी योजना, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना या सगळ्यांचा कणा तोच आहे.

सरासरी मोजायची कशी, याचं उत्तर तोवर तयार होतं. पीक कापणी प्रयोगाचं शास्त्र पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी घडवलं आणि १९४० च्या दशकात त्याच्या सुरुवातीच्या चाचण्या आपल्या वऱ्हाडातल्या कापसावरही झाल्या. शेत चिठ्ठी टाकल्यासारखं यादृच्छिक पद्धतीने निवडायचं, त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक काढून वजन करायचं. त्याआधी चालायची ती आणेवारी. धुऱ्यावर उभं राहून नजरेने अंदाज, ‘पीक आठ आणे आहे’. सुखात्म्यांनी तर दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. विम्याच्या भाषेत याचा अर्थ सरळ आहे. उत्पन्न जास्त दिसलं की भरपाई कमी.

दांडेकरांचा तोडगा हुशारीचा होता. वैयक्तिक पाहणीतली लबाडी, खर्च, वशिला, सगळ्यावर एक उपाय. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहा काय झालं. तुझं शेत कुणी पाहिलंच नाही, तर चुकीचं पाहिलं असं तू म्हणणार कसं? मोजणी झाली ती मंडळातल्या निवडक प्रयोगांवर. महसूल मंडळ हा घटक असेल तर २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रमुख पिकाला किमान दहा प्रयोग. तुझ्या शेतात पाणी तुंबलं आणि ते दहा तुकडे माळावरचे निघाले, तर मोजणी नियमाप्रमाणे बरोबर आणि तुझ्यासाठी चूक. जबाबदार कुणीच नाही.

हीच फट बुजवायला नंतरच्या योजनांत स्थानिक आपत्तीसाठी वैयक्तिक पाहणी परत आणली. ७२ तासांत कळवा, मग नुकसान पाहणारा येईल, सोबत कृषी अधिकारी आणि तुम्ही स्वतः. म्हणजे १९७९ मध्ये सोडलेली अडचण मागच्या दाराने घरात आली. आणि गंमत अशी की प्रधानमंत्री पीक विमा योजना संसदेचा कायदा नाही, ती मार्गदर्शक सूचनांवर चालते. तिला ‘शेवटचं पान’च नाही. पाहणी करणाऱ्याला संरक्षण आहे असं कुठे लिहिलेलं नाही, आणि चूक झाली तर त्याने भरून द्यायचं असंही नाही. तक्रार निवारण समित्या आहेत, तिथे जा.

दोन कागद समोरासमोर

या दोन पाहण्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्याचं ठळक उदाहरण २०२० च्या खरिपातलं, उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातलं. ऑक्टोबरमधल्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलं. सरकारी पंचनाम्यांत नुकसान नोंदलेलं होतं, पण असंख्य शेतकऱ्यांनी कंपनीला ७२ तासांत वैयक्तिक सूचना दिलेली नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि मे २०२२ मध्ये सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश झाला.

इथे कुठल्या पाहणी करणाऱ्यावर खटला भरला गेला नाही. कंपनी आणि शासन न्यायालयात होतं. आणि शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहिला तो पटवाऱ्याचा कागद, ज्याच्या लेखकाला कायद्याने संरक्षण दिलेलं आहे. हे मला विचार करायला लावणारं वाटलं. ज्याला खटल्याची भीती नाही त्याने नुकसान मोकळेपणाने लिहिलं असेल का? संरक्षण नसतं तर त्याने हात राखून आकडा टाकला असता का? मग चिलखत शेतकऱ्याच्या उपयोगाचंही ठरतं. मी सुरुवातीला हे कलम फक्त ‘अधिकाऱ्याला वाचवणारं’ म्हणून वाचत होतो. या प्रकरणाने माझी मांडणी बदलली. ‘संरक्षण असावं की नसावं’ हा प्रश्न मी बाजूला ठेवला. आता विचारतो, चुकीची किंमत फिरत फिरत कुणाच्या दारात येते आणि तिला मध्येच अडवणारा कागद कुणाकडे आहे?

२०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून येणाऱ्या उत्पन्नापुरती ठेवली. वैयक्तिक पाहणीचं ते ७२ तासांचं दार राज्याने बंद केलं. ढाणकीच्या धुऱ्यावरचा दुसरा माणूस त्या दृश्यातून निघून गेला. आता भांडायचं असेल तर मंडळातल्या प्रयोगांच्या आकड्यांवर भांडावं लागेल. त्या आकड्यांवर आक्षेप घेऊन तांत्रिक समितीपर्यंत जाण्याची रीतसर वाट योजनेच्या सूचनांत विमा कंपनीला दिलेली आहे. एकट्या शेतकऱ्याकडे ते आकडे वेळेत पोचतात का, हेच आधी पाहावं लागेल.

या विषयावर काम करायचं असेल तर तीन कामांनी सुरुवात करा. एक, विम्याशी संबंधित पाच कायदे घ्या आणि त्यांची फक्त शेवटची पानं शेजारी शेजारी ठेवून वाचा. दोन, प्रत्येकात ‘सद्भावना’ कुठल्या व्याख्येने चालते ते लिहून काढा. तीन, आपल्या मंडळात पीक कापणी प्रयोग असेल त्या दिवशी शेतात जाऊन उभे राहा. तुकडा कसा आखतात, वजन कोण वाचतं, सही कोण करतं आणि शेतकऱ्याला त्या कागदाची प्रत मिळते का, एवढं पाहा. तुमचा पहिला अध्याय तिथूनच लिहिता येईल.